हिपॅटायटिस सी: दोन औषधं की तीन, हे कशावर ठरतं?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आई ५६ वर्षांच्या, वजन ६२ किलो. हिपॅटायटिस सी, जेनोटाइप ३ (म्हणजे विषाणूचा पोटप्रकार), व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) ४८ लाख. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाविरिन सुरू केलं होतं, पण त्रास सहन न झाल्यानं मध्येच सोडलं. आता एक डॉक्टर म्हणतात, सोफोसबुविर आणि वेल्पाटासविर असलेली रोज एक गोळी, १२ आठवडे, पुरे. दुसरे म्हणतात, त्यात रिबाविरिन घालायलाच हवं. शिवाय आईंना मधुमेहाच्या गोळ्या, कोलेस्टेरॉलची गोळी आणि ॲसिडिटीसाठी रोज ओमेप्राझोल चालू आहे. तुम्ही विचारलंय की या दोघांतलं बरोबर कोण, आणि मुळात एकच जालीम औषध देऊन हा विषाणू का मारत नाहीत.

दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. व्हायरल लोडचा ४८ लाख हा आकडा तुम्ही दोनदा लिहिलाय, पण निर्णय त्यावर होत नाही. दोन लाख असो वा साठ लाख, लिव्हर किती खराब आहे हे त्या आकड्यावरून कळत नाही आणि या गोळ्यांचा कोर्सही सहसा त्यावरून बदलत नाही. प्रश्नाचं उत्तर आहे ते तुम्ही शेवटी सहज लिहून टाकलेल्या ओळीत: प्लेटलेट्स १,१२,०००. त्याकडे येतोच, पण आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण पुढचा सगळा तर्क त्यावर उभा आहे.

हिपॅटायटिस सीचा विषाणू आरएनए जातीचा. त्याचा सगळा जनुकीय मजकूर जेमतेम ९,६०० अक्षरांचा. लिव्हरच्या पेशीत तो स्वतःच्या नकला काढतो आणि ही नक्कल करणारं त्याचं एन्झाइम, पॉलिमरेज, घाईत उतरवून घेणाऱ्या लेखनिकासारखं आहे: वेगवान, पण लिहिलेलं परत तपासून न पाहणारं. जुनाट संसर्गात शरीरात रोज साधारण एक लाख कोटी नवे विषाणू तयार होतात. इतक्या नकला आणि तपासणी शून्य, म्हटल्यावर त्या ९,६०० जागांपैकी प्रत्येक जागी कधी ना कधी चूक झालेला विषाणू शरीरात हिंडतच असतो. म्हणजे औषधाला दाद न देणारे विषाणू औषध सुरू केल्यावर निर्माण होतात असं नाही. ते आधीपासून मूठभर असतात. एकटं औषध दिलं की बाकीचे मरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत हे मूठभर वाढतात. व्हायरल लोड आधी झपाट्यानं खाली येतो आणि मग काही दिवसांत वर चढू लागतो.

उपाय असा की विषाणूच्या कामातल्या दोन वेगवेगळ्या टप्प्यांवर एकाच वेळी घाव घालायचा. एकातून सुटलेला दुसऱ्यात सापडतो. आजच्या गोळ्या तीन जागा पकडतात. नावाच्या शेवटावरून कुठली जागा हे ओळखता येतं. ज्यांच्या शेवटी ‘प्रेविर’ येतं (ग्लेकाप्रेविर, वॉक्सिलाप्रेविर) ती विषाणूचं एनएस३ प्रोटिएज हे एन्झाइम अडवतात, म्हणजे विषाणूचं लांबलचक प्रथिन कापून त्याचे कामाचे तुकडे होऊ देत नाहीत. ‘आसविर’ वाली (वेल्पाटासविर, डाक्लाटासविर, लेडिपासविर, पिब्रेंटासविर) एनएस५ए या प्रथिनावर काम करतात. ‘बुविर’ म्हणजे पॉलिमरेजवरचं औषध. त्यातलं सोफोसबुविर हे नक्कल तयार होत असताना साखळीत खोटं अक्षर बनून घुसतं आणि साखळी तिथेच थांबते.

या तिघांचे स्वभाव वेगळे आहेत. एनएस५ए वरची औषधं कमालीची ताकदवान, पण विषाणूच्या एका बदलानंही त्यांची धार जाऊ शकते. सोफोसबुविरला चकवणं मात्र विषाणूला महागात पडतं. तो बदल झालेला विषाणू इतका दुबळा होतो की टिकत नाही. म्हणून सोफोसबुविरच्या भक्कम पाठीवर एक ‘आसविर’ बसवलेली जोडी इतकी यशस्वी ठरली. आणि आणखी एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. एचआयव्ही आपल्या पेशींच्या डीएनएत शिरून बसतो, हिपॅटायटिस बी पेशीच्या केंद्रात स्वतःचा साठा ठेवतो. सी तसं काहीच करत नाही. त्याचा सगळा कारभार पेशीद्रव्यात चालतो. नकला थांबवून ठेवल्या की काही आठवड्यांत त्याचा मागमूस राहत नाही. म्हणूनच इथे ‘नियंत्रण’ न म्हणता ‘बरा झाला’ असं आम्ही म्हणू शकतो.

आता प्लेटलेट्स. लिव्हरमध्ये जखमेचे वण साचून ते कडक झालं की रक्ताला त्यातून वाट काढायला जोर लागतो, पाठीमागे प्लीहेत रक्त तुंबतं, ती मोठी होते आणि प्लेटलेट्स तिच्यात अडकतात. त्यामुळे हिपॅटायटिस सीच्या पेशंटचे प्लेटलेट्स दीड लाखाच्या खाली दिसले की सिरॉसिस (वण साचून लिव्हर असं कडक होणं) असेल असं धरूनच मी पुढचं बघतो. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून एक साधा हिशेब होतो, त्याला फिब-४ म्हणतात. एएसटी आणि एएलटी ही त्यातली रक्तात मोजली जाणारी लिव्हरची एन्झाइम्स. वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट्स (हजारांत) गुणिले एएलटीचं वर्गमूळ. आईंचं एएसटी ९२, एएलटी १००. वरची बाजू ५६ × ९२ म्हणजे ५,१५२. खालची ११२ × १० म्हणजे १,१२०. उत्तर ४.६. हे १.४५ च्या खाली असतं तर मोठे वण नसावेत असं म्हणता आलं असतं. ३.२५ च्या वर गेलं की लिव्हरमध्ये बरेच वण आहेत, बहुधा सिरॉसिस आहे, असं समजून वागावं.

हा हिशेब म्हणजे शेवटचा शब्द नाही. फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक आहे हे मोजणारी तपासणी) करून घ्या. त्यात १२.५ किलोपास्कल किंवा जास्त आलं तर सिरॉसिसला दुजोरा मिळतो. तपासणीआधी निदान तीन तास काही खाल्लेलं नसावं, नाहीतर आकडा उगाच फुगतो. एएलटी खूप चढलेलं असताना किंवा हृदय कमजोर असताना तो खोटा जास्त येतो हेही ध्यानात असू द्या. सोनोग्राफीत लिव्हरचा पृष्ठभाग खडबडीत आहे का, प्लीहा मोठी आहे का, पोटात पाणी आहे का आणि लिव्हरमध्ये एखादी गाठ आहे का, या चारही गोष्टींबद्दल रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलेलं असावं. लिव्हरमध्ये चालू कॅन्सर असेल तर गोळ्यांचं यशही कमी होतं आणि उपचारांचा क्रमच बदलतो. म्हणून गाठ नाही याची खात्री गोळ्या सुरू करण्याआधी.

सिरॉसिस ठरला तर पुढचा प्रश्न: लिव्हर अजून काम निभावतंय की थकलंय? हे पाहायला चाइल्ड-प्यू नावाची गुणपद्धत आहे. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणाम (दिवसा झोप, बोलण्यात गोंधळ) या पाचांना प्रत्येकी १ ते ३ गुण. समजा आईंचं बिलिरुबिन १.४ आहे, अल्ब्युमिन ३.२, आयएनआर १.२, पाणी नाही, गोंधळ नाही. अल्ब्युमिन २.८ ते ३.५ च्या मध्ये असल्यानं त्याचे २, बाकीच्यांचा एकेक, मिळून ६. पाच-सहा म्हणजे ‘ए’ वर्ग, लिव्हर निभावतंय. सात ते नऊ ‘बी’, दहा किंवा जास्त ‘सी’.

इथे एक चूक वारंवार होते. मागच्या वर्षी पोटात पाणी झालं होतं, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ते उतरलं आणि आता सोनोग्राफीत दिसत नाही, म्हणून पेशंटला ‘ए’ मध्ये टाकतात. तसं करू नये. एकदा पाणी झालं, रक्ताची उलटी झाली किंवा गोंधळ झाला, तर त्या लिव्हरनं एकदा हात टेकले आहेत. अशा पेशंटला ‘प्रेविर’ गटातलं कोणतंही औषध देत नाहीत, कारण थकलेल्या लिव्हरमध्ये ती औषधं रक्तात प्रमाणाबाहेर साचतात आणि लिव्हर आणखी बिघडू शकतं. आईंना पूर्वी कधी असं झालं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. डॉक्टरांना ते आठवणीनं सांगा, जुनी डिस्चार्जची कागदं असतील तर घेऊन जा.

आता दोन डॉक्टरांमधला मतभेद. जेनोटाइप ३ हा या गोळ्यांपुढे बाकीच्यांपेक्षा थोडा चिवट आहे, आणि त्यात सिरॉसिस व पूर्वीचा अयशस्वी उपचार जमा झाले की यश काही टक्क्यांनी घसरतं. अॅस्ट्रल-३ या अभ्यासात जेनोटाइप ३ च्या पेशंटना सोफोसबुविर-वेल्पाटासविर १२ आठवडे दिलं तेव्हा एकूण ९५ टक्के बरे झाले. पहिल्यांदाच उपचार घेणारे आणि सिरॉसिस नसलेले ९८ टक्के, सिरॉसिस असलेले ९३, आधी उपचार घेतलेले पण सिरॉसिस नसलेले ९१, आणि दोन्ही गोष्टी असलेले ८९. तुमच्या आई या शेवटच्या गटात बसण्याची शक्यता जास्त. ज्यांच्या विषाणूत वाय९३एच हा एनएस५ए मधला बदल आधीपासून होता, त्यांच्यात यश ८४ टक्क्यांवर आलं.

म्हणजे पहिल्या डॉक्टरांनी सांगितलेला साधा कोर्स घेतला तरी बऱ्या होण्याची शक्यता खूपच चांगली आहे. दुसरे डॉक्टर उरलेली फट बुजवू पाहतायत. ती तीन प्रकारे बुजवता येते. एक, रिबाविरिनची जोड देऊन १२ आठवडे. दोन, सोफोसबुविर-वेल्पाटासविरमध्ये वॉक्सिलाप्रेविर असलेली तिहेरी गोळी १२ आठवडे. तीन, ग्लेकाप्रेविर-पिब्रेंटासविर, पण इंटरफेरॉन घेऊन झालेल्या जेनोटाइप ३ मध्ये ती आठ आठवडे पुरत नाही, १६ आठवडे द्यावी लागते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायात ‘प्रेविर’ आहे, म्हणून ते फक्त लिव्हर निभावत असेल तरच. वाय९३एचची तपासणी करता येत असेल तर ती अशाच पेशंटमध्ये कामाची ठरते: बदल नसला तर साधी जोडी पुरेशी, असला तर जोड हवी. तपासणी करता येत नसेल, आणि हिमोग्लोबिन व किडनी चांगली असेल, तर मी रिबाविरिन जोडण्याच्या बाजूचा आहे. कारण पुढे सांगतो.

एनएस५ए वरचं औषध घेऊन उपचार फसला, तर त्याला न जुमानणारे विषाणू वर्षानुवर्षं शरीरात टिकून राहतात. प्रोटिएजच्या बाबतीत ते काही महिन्यांत मागे पडतात, इथे तसं होत नाही. त्यामुळे दुसऱ्या खेपेला जास्त औषधं आणि कमी पर्याय उरतात. तिहेरी गोळीनं अशा पेशंटपैकीही बहुतेक बरे होतात, पण तोवर लिव्हर थकलेलं असेल तर ती गोळी देताच येत नाही. आईंच्या बाबतीत पहिल्याच फेरीत पूर्ण जोर लावण्याचं कारण हे. पूर्वीच्या अर्धवट इंटरफेरॉनची मात्र फार धास्ती घेऊ नका. त्यानं आजच्या गोळ्यांविरुद्ध प्रतिकार तयार होत नाही.

लिव्हर ‘बी’ किंवा ‘सी’ मध्ये निघालं, तर मतभेदाला जागाच नाही. सोफोसबुविर-वेल्पाटासविर अधिक रिबाविरिन १२ आठवडे. अॅस्ट्रल-४ मध्ये अशाच पेशंटना रिबाविरिनसह १२ आठवडे दिल्यावर ९४ टक्के यश मिळालं, रिबाविरिनशिवाय १२ आठवड्यांत ८३, आणि रिबाविरिनशिवाय २४ आठवडे देऊनही ८६. रिबाविरिन अजिबात झेपत नसेल तरच २४ आठवड्यांची वाट. आणि मेल्ड स्कोअर (लिव्हर किती खालावलंय हे सांगणारा आकडा) १८-२० च्या वर असेल, तर आधी लिव्हर प्रत्यारोपण करावं की आधी गोळ्या, हे प्रत्यारोपण केंद्रातल्या टीमनंच ठरवावं.

रिबाविरिनबद्दल आईंच्या मनात भीती असणार. पूर्वीचा त्रास बराचसा इंटरफेरॉनचा असतो. १२ आठवड्यांचं रिबाविरिन त्या मानानं पुष्कळ सुसह्य आहे, पण त्यावर लक्ष ठेवावंच लागतं. ७५ किलोंच्या खाली वजन असेल तर दिवसाला १,००० मिलिग्रॅम, वर असेल तर १,२००. म्हणजे आईंना २०० मिलिग्रॅमच्या पाच गोळ्या: दोन सकाळी, तीन संध्याकाळी, जेवणासोबत. थकलेल्या लिव्हरमध्ये ६०० पासून सुरुवात करून झेपेल तसं वाढवतात. हे औषध लाल पेशी फोडतं. म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात आणि पुढे दर महिन्याला हिमोग्लोबिन बघायचं. १० च्या खाली गेलं तर डोस ६०० वर आणायचा, ८.५ च्या खाली गेलं तर रिबाविरिन बंद. बाकीच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, त्या चालूच. हृदयविकार असेल तर याहून लवकर सावध व्हायचं. रिबाविरिन किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डोस सुरुवातीपासूनच कमी.

लाल पेशी फुटल्यामुळे बिलिरुबिन थोडं चढतं. रिपोर्टमध्ये ते पाहून घरचे घाबरतात आणि सगळ्याच गोळ्या थांबवतात. वाढ इनडायरेक्ट बिलिरुबिनची आहे आणि एएलटी खाली येतंय, असं असेल तर तो लाल पेशींचा परिणाम. डायरेक्ट बिलिरुबिन चढतंय, पाय सुजतायत, पोट वाढतंय, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. गर्भावर या औषधाचे गंभीर परिणाम होतात. आईंच्या वयात तो प्रश्न येत नाही, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी: औषध चालू असताना गर्भधारणा टाळायची, आणि संपल्यावरही, औषध घेणारी स्त्री असेल तर निदान नऊ महिने आणि पुरुष असेल तर निदान सहा महिने.

यानंतरचा भाग मी दरवेळी सर्वात जास्त वेळ घेऊन समजावतो: बाकीच्या गोळ्या. आईंचं ओमेप्राझोल इथे खरं त्रासदायक आहे. वेल्पाटासविर पोटात विरघळायला आम्ल लागतं. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल या गोळ्या तेच आम्ल बंद करतात. गोळी नेमानं घेतली, एकही दिवस चुकला नाही, तरी औषध रक्तात पुरेसं पोचलेलं नसतं आणि हे कुठल्याही नेहमीच्या तपासणीत दिसत नाही. म्हणून आधी विचारा: ही गोळी खरंच हवीय का? पुष्कळ जण ती कधीतरी सुरू झाली म्हणून घेत राहतात. १२ आठवडे बंद ठेवता आली तर उत्तम. अल्सर वगैरेसाठी गरजेचीच असेल, तर २० मिलिग्रॅमच्या वर नाही, आणि वेळ अशी: सकाळी ८ वाजता न्याहारीसोबत हिपॅटायटिसची गोळी, मग निदान चार तास सोडून, साडेबाराला, जेवणाआधी ओमेप्राझोल. उलटा क्रम चालणार नाही. फॅमोटिडीन हा मधला मार्ग आहे. ४० मिलिग्रॅमपर्यंत दिवसातून दोनदा, हिपॅटायटिसच्या गोळीसोबत किंवा बारा तासांच्या अंतरानं. ॲसिडिटीचं पातळ औषध असेल तर मागेपुढे चार तास.

कोलेस्टेरॉलच्या गोळीचं नाव तुम्ही दिलं नाही. रोसुवास्टॅटिन असेल तर सोफोसबुविर-वेल्पाटासविरसोबत १० मिलिग्रॅमच्या वर नको. ॲटोर्वास्टॅटिन चालतं, पण स्नायू दुखू लागले तर कळवायचं. ग्लेकाप्रेविरची गोळी निवडली तर ॲटोर्वास्टॅटिन आणि सिम्वास्टॅटिन दोन्ही बंद. तिहेरी गोळीसोबत रोसुवास्टॅटिन नको. अनेकदा मी तीन महिने स्टॅटिनच थांबवतो. नुकताच हार्ट अटॅक आलेला नसेल तर त्यानं बिघडत नाही.

मधुमेहाच्या गोळ्यांचा या औषधांशी थेट झगडा नाही. पण विषाणू गेला की शरीराची इन्सुलिनला दाद सुधारते आणि त्याच डोसवर साखर खाली येऊ शकते. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना पहिल्या महिन्यातच हात थरथरणं, घाम फुटणं असा अनुभव येऊ शकतो. पहिले काही आठवडे साखर जास्त वेळा तपासा आणि डोस कमी करायची तयारी ठेवा.

काही औषधं अशी आहेत की त्यांच्यासोबत ही जोडी सुरूच करायची नाही. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन, फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फिनोबार्बिटोन: ही सगळी आपल्या गोळ्यांचं औषध शरीराबाहेर इतक्या वेगानं फेकतात की कोर्स फुकट जातो. फिट्ससाठी लेव्हेटिरासिटामसारखं औषध आधी बदलून घेतात. हृदयाच्या ठोक्यांसाठी ॲमिओडॅरोन चालू असेल तर सोफोसबुविरनं ठोके धोकादायक मंदावू शकतात. २०१५ मध्ये यावर अधिकृत इशारा निघाला. ॲमिओडॅरोन बंद केल्यावरही काही महिने शरीरात राहतं, म्हणून ‘पूर्वी घेत होते’ हेसुद्धा सांगायचं. जडीबुटीची ‘लिव्हर टॉनिक’ तीन महिने बाजूला ठेवा. त्यात काय आहे हे माहीत नसताना एएलटी चढलं, तर कारण शोधता येत नाही.

सुरुवात करण्याआधी हिपॅटायटिस बीच्या दोन तपासण्या झाल्याच पाहिजेत: एचबीएसएजी (बी आत्ता शरीरात आहे का) आणि अँटी-एचबीसी टोटल (बी कधी होऊन गेलाय का). सी विषाणू शरीरात असताना बी ला दाबून ठेवतो. सी अचानक गेला की बी उसळतो आणि काहींचं लिव्हर त्यातच निकामी झालंय. २०१६ पासून या सगळ्या गोळ्यांवर त्याबद्दल ठळक सूचना आहे. एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर बी वरची गोळी सोबत सुरू करून सी चा कोर्स संपल्यावर निदान १२ आठवडे चालू ठेवतात. फक्त अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असेल तर दर महिन्याला एएलटी पुरे. एचआयव्हीची तपासणीही याच वेळी करा.

कोर्स म्हणजे ८४ गोळ्या, २८ च्या तीन बाटल्या. मी शक्यतो तिन्ही एकदम घ्यायला सांगतो, कारण खंड पडतो तो बहुतेक दुसरी बाटली संपून तिसरी हाती येईपर्यंतच्या दिवसांत. गोळी घ्यायची विसरली आणि १८ तासांच्या आत आठवलं तर लगेच घ्या. त्यानंतर आठवलं तर ती सोडा आणि पुढची नेहमीच्या वेळी, दोन एकदम कधीच नाहीत. घेतल्यावर तीन तासांत उलटी झाली तर आणखी एक. सात दिवसांपर्यंत खंड पडला तर लगेच सुरू करून ठरलेला कोर्स पुरा करायचा. आठ दिवस किंवा जास्त गेले तर गोळ्या पुन्हा सुरू करा, त्याच दिवशी आरएनए तपासणी (रक्तात विषाणू आहे का हे पाहणारी) द्या आणि पुढचं डॉक्टरांवर सोपवा, कारण पहिल्या २८ दिवसांतला खंड आणि नंतरचा खंड यांचे नियम वेगळे आहेत. सलग २१ दिवस किंवा त्याहून जास्त चुकले तर सहसा कोर्स तिथेच थांबवून, विषाणू परत येतो का ते पाहतात. डोकेदुखी, थोडा थकवा, मळमळ याव्यतिरिक्त या गोळ्यांचा फारसा त्रास होत नाही.

मधल्या काळात आरएनए तपासणीची सहसा गरज नसते. कोणी चौथ्या आठवड्यात केली आणि थोडा विषाणू दिसला, तर त्यावरून कोर्स लांबवायचा नाही की अपयश मानायचं नाही. खरी परीक्षा कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी. तेव्हा आरएनए सापडला नाही तर विषाणू गेला, आणि त्यानंतर तो स्वतःहून परत येणं फार दुर्मीळ. गोळ्या संपल्याच्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट पाहून ही तपासणी टाळणारे खूप असतात. तसं करू नका. दुसरीकडे, अँटिबॉडीची तपासणी पुन्हा करूच नका. ती आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते, लोक ‘आजार गेलाच नाही’ म्हणतात ते यावरूनच. नोकरी, विमा, ऑपरेशन कुठेही अँटिबॉडीचा प्रश्न निघाला तर १२ आठवड्यांनंतरचा आरएनए रिपोर्ट दाखवायचा, तो जपून ठेवा.

विषाणू गेला तरी सिरॉसिस लगेच जात नाही. वण हळूहळू काही वर्षांत कमी होतात, सगळ्यांचे होतातच असं नाही, आणि लिव्हर कॅन्सरचा धोका कमी झाला तरी उरतो. आईंना सिरॉसिस किंवा त्याच्या अलीकडची अवस्था निघाली तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, जमल्यास अल्फा फिटोप्रोटीन या लिव्हर कॅन्सरसाठीच्या रक्ततपासणीसह, कायम करत राहायची. प्लेटलेट्स दीड लाखाच्या खाली असल्यानं अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा पाहण्यासाठी एकदा एंडोस्कोपीबद्दल विचारा. दारू पूर्ण बंद.

आणि तुमच्याबद्दल. आईकडून बाळंतपणात मुलाला हा विषाणू जाण्याचं प्रमाण साधारण शंभरात पाच-सहा. आईंना संसर्ग नेमका कधी झाला हे माहीत नसेल तर तुम्ही आणि तुमच्या भावंडांनी एकदा अँटी-एचसीव्ही (सी ची अँटिबॉडी तपासणी) करून घ्या, पॉझिटिव्ह आली तरच आरएनए. एका ताटात जेवल्यानं, जवळ बसल्यानं, कपडे एकत्र धुतल्यानं हा पसरत नाही. रक्त लागू शकेल अशा वस्तू मात्र वेगळ्या ठेवा: दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर. आईंना मधुमेह आहे, म्हणजे घरात साखर तपासायचं यंत्र असणार. बोटाला टोचायची सुई आणि तिचं पेन दुसऱ्या कोणीही वापरायचं नाही, ‘फक्त एकदा साखर बघतो’ म्हणूनही नाही. हे आई बऱ्या झाल्यावरही लागू राहतं, कारण एकदा होऊन गेल्यानं या विषाणूपासून संरक्षण मिळत नाही, तो पुन्हा होऊ शकतो.